मंडईला चला, पण भाजीची पिशवी नको!

पुणेकराला 'मंडई' म्हटलं की महात्मा फुले मंडई आठवते. पाठोपाठ ताजी मेथी, मंडईचा गणपती आणि पार्किंगची बोंब. आता तोच शब्द विदर्भाच्या पूर्व टोकाला, वडसा, आरमोरी, ब्रह्मपुरी, नागभीडच्या पट्ट्यात उच्चारून बघा. समोरच्याचा चेहरा एकदम खुलतो आणि प्रश्न येतो, 'कोनत्या गावची जी?' कारण तिथं मंडई म्हणजे भाजीबाजार नाहीच. मंडई म्हणजे जत्रा, नाटक, गेट-टुगेदर, सोयरिक आणि खादाडी, सगळं एका दिवसात आणि एका रात्रीत. आपल्या भाषेत सांगायचं तर अख्ख्या गावाचा अ‍ॅन्युअल डे!

चंद्रपूरचा पूर्वेकडचा भाग, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया मिळून जो पट्टा होतो, त्याला म्हणतात झाडीपट्टी. जंगल, तलाव, धानाची शेतं आणि मधून वाहणारी वैनगंगा. दिवाळीच्या पाडव्याला इथं गायगोधन होतं, म्हणजे गायीगुरांची पूजा. मग भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडया सुरू. हलका धान कापून झालेला असतो, भारी धान अजून उभा असतो, हातात थोडा पैसा आणि थोडी फुरसत असते. प्रत्येक गाव आपली तारीख वेगळी ठेवतं. फंडा एकदम क्लिअर: त्यांना आपल्याकडे येता आलं पाहिजे आणि आपल्याला त्यांच्याकडे. आऊटलुकचं कॅलेंडर नाही, मीटिंग रिक्वेस्ट नाही, तरी सगळं फिट्ट बसतं. आपल्या टीमला तीन जणांचा लंच जमवता येत नाही!

वीकएन्डला 'काहीतरी ऑफबीट' शोधणाऱ्या मंडळींसाठी ही सॉलिड जागा आहे. नागपूरपर्यंत ट्रेन किंवा विमान, तिथून गाडीनं उमरेड, भिवापूर, नागभीड करत साधारण तीन तासांत ब्रह्मपुरी. नदी ओलांडली की वडसा. सरकारी नाव देसाईगंज, पण रेल्वे स्टेशनपासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी वडसाच. पोचलात? आता खायला लागू या.

आपला चेस्टनट

गंमत बघा, नोव्हेंबर हा तिकडे पोर्तुगालमध्येही जत्रेचा महिना. ११ नोव्हेंबरला सेंट मार्टिनचा सण आला की लोक रस्त्यावर चेस्टनट भाजतात आणि वर्षाची नवी वाइन चाखतात. गोलेगा नावाच्या गावात याच सुमाराला घोड्यांची मोठी जत्रा भरते. जत्रेत काय खायचं आणि काय प्यायचं, हे तिथं ऋतूनंच ठरवून टाकलंय.

झाडीपट्टीतही तसंच. चेस्टनटला आपलं उत्तर आहे शिंगाडा, ज्याला इंग्रजीत 'वॉटर चेस्टनट'च म्हणतात. आपल्याला शिंगाडा माहीत असतो तो उपासाच्या पिठाच्या पाकिटातला. इथं तो टोपलीत भेटतो. उकडून काळा झालेला, दोन शिंगांचा, थोडासा भीतिदायक. दातानं साल फोडायची आणि आतला पांढरा गर काढायचा. चव बटाटा आणि खोबऱ्याच्या अधलीमधली, किंचित गोड. एक वाटा घेतला की दुसरा घ्यावाच लागतो. मस्त टाइमपास.

हा शिंगाडा येतो गावच्या तळ्यातून. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं इथं तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांकडे होते, म्हणून सरकारी कागदावर 'माजी मालगुजारी', आणि शॉर्टफॉर्म चक्क 'मामा तलाव'. धानाला पाणी, ढिवर समाजाला मासे आणि शिंगाडे, सगळं या मामाच्या कृपेनं. थंडी पडायला लागली तरी पाण्यात उतरून, काट्यांतून हात घालून हे शिंगाडे काढावे लागतात. तेव्हा भाव करताना जरा दमानं घ्या. मॉलमध्ये कॉफीला मोजलेले पैसे आठवा आणि गप्प बसा.

बाकी मंडईच्या दुकानांत काय? जिलेबी तर हवीच. मुरमुरे, फुटाणे, शेव. उसाच्या मोळ्या. कढईतून निघणारे भजे. हो, 'भजे'. भजी नव्हे. बटाटेवडा मागू नका, आलुबोंडा मागा. तो पावात नाही, तर्रीत बुडून येतो आणि डोळ्यांत पाणी आणतो. आणि कोणी 'वरून सांबार टाकू का?' असं विचारलं, तर इडलीचं सांबार समजून बसू नका. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर!

'जेवन झाला का जी?'

दुकानांत जे मिळतं तो मंडईचा ट्रेलर. पिक्चर घरात असतो. मंडईच्या दिवशी घरोघर पाहुणे येतात: सासरी गेलेल्या मुली, जावई, मामा, आत्या, मित्राचा मित्र. लग्नाची मुलं-मुलीही याच दिवसांत पाहून घेतात. अनेक सोयरिकींची बोलणी मंडईच्या जेवणावर सुरू होतात. ओळखीच्या कोणाबरोबर गेलात तर तुम्हीही पाहुणे. 'जेवन झाला का जी?' हा प्रश्न इथं फॉर्मॅलिटी नसते. 'हो' म्हणालात तरी ताट येतं.

आणि ताटात मधोमध भात. इथं पोळी साइड रोलमध्ये आहे. हिरो भातच. सोबत वरण, वांग्याची भाजी, कोचईच्या पानांच्या वड्या (कोचई म्हणजे आपलं अळू). तळ्यातले मासे नाहीतर झिंगे, म्हणजे गोड्या पाण्यातली छोटी कोळंबी. पाहुणा खास असेल तर कोंबडा किंवा मटण. आणि पुढे थंडी वाढली की लाखोळीची कोवळी पाल्याची भाजी. लाखोळी हे कडधान्य. धान कापायच्या आधीच त्याच ओल्या बांधीत त्याचं बी टाकून देतात. वेगळी नांगरट नाही, वेगळं पाणी नाही. धान निघाला की खाली दुसरं पीक तयार. मल्टिटास्किंग याला म्हणतात.

भाताचं नाव विचारायला विसरू नका. एचएमटी हे उत्तर मिळण्याची शक्यता बरीच. तुमच्या घरच्या डब्यातही तो असेल. पण तो कुठून आला माहितीये? याच पट्ट्यातून. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं छोटं गाव आहे (मराठवाड्यातलं नव्हे). तिथले दादाजी खोब्रागडे. शाळा प्राथमिकच्या पुढे नाही, जमीन जेमतेम. १९८३ मध्ये 'पटेल ३' या वाणाच्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुन्हा पेरल्या, पुन्हा निवडल्या. काही वर्षांत बारीक दाण्याचं, चांगलं उतरणारं नवं वाण तयार झालं. तेव्हा एचएमटीच्या घड्याळांची क्रेझ होती, तेच नाव भाताला चिकटलं. वाण लाखो एकरांवर पोचलं. दादाजींच्या खिशात मात्र त्यातलं फारसं काही आलं नाही. २००५ मध्ये त्यांना नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनचा पुरस्कार मिळाला. ३ जून २०१८ ला ते गेले. या भागात येऊन एचएमटीचा घास घ्याल तेव्हा एक क्षण त्यांची आठवण काढा. ब्रँडच्या नावामागे माणूस असतो, तो क्वचितच असा शेजारच्या गावातला निघतो.

पहाटे चारचा चहा

दिवसा मंडईत दंडार किंवा खडीगंमत रंगते. रात्री मात्र राज्य नाटकाचं. झाडीपट्टी रंगभूमी हा एक वेगळाच कारभार आहे. वडशात नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, तिथं गावोगावची मंडळं येऊन तारखा बुक करतात. दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत सीझन. कापडी मंडप, जमिनीवर बैठक, तिकीट काढून आलेलं अख्खं गाव, आणि रात्री दहाच्या पुढे पडदा उघडला की थेट पहाटेपर्यंत. रडवणारा संसार, कडक व्हिलन, हशा काढणारा कॉमेडियन, मधूनच लावणी. फुल पैसा वसूल. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेले गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा मुंबई-पुण्याच्या नाट्यवर्तुळातल्या अनेकांनी नकाशा उघडून हा भाग शोधला असणार.

नाटकाच्या रात्रीचा मेनू ठरलेला. मंडपाबाहेर शेकोटी, एका कढईत भजे, एका पातेल्यात चहा. दोन अंकांच्या मध्ये स्वेटर, मफलर, चादर अशा सगळ्या अवतारातली माणसं कपाभोवती हात शेकत उभी राहतात आणि दुसऱ्या अंकात व्हिलनचं काय होणार यावर पैजा लावतात. खर्रा घोटणारेही असतात. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यावर घासून केलेला हा माल इथं पानासारखा पुढे केला जातो. 'लोकल एक्स्पिरियन्स' म्हणून तो घेऊ नका. तोंडाच्या कॅन्सरला लोकल आणि टूरिस्ट कळत नाही.

आणि प्यायला?

आता मुद्द्याचं. चेस्टनटला शिंगाडा मिळाला, मग नव्या वाइनला काय? शहरातून येणारा प्रत्येक ग्रुप हा प्रश्न विचारतोच. आवाज खाली जातो, डोळा मिचकावला जातो आणि येतो तो डायलॉग: 'मोहाची मिळेल का कुठे? ऑथेंटिक?'

उत्तर भूगोलात आहे. मधे वैनगंगा. एका काठावर ब्रह्मपुरी, जिल्हा चंद्रपूर. दुसऱ्या काठावर वडसा, जिल्हा गडचिरोली. मंडई तीच, भात तोच, नाटकही तेच, पण कायदा दोन. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. ही बंदी मुंबईत बसून कोणा साहेबानं लादली नाही. गावागावातल्या लोकांनी, त्यातही बायकांनी, ती मागून घेतली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था, आदिवासी भागातले कार्यकर्ते, ग्रामसभा अशी मोठी चळवळ त्यामागे होती. २०१६ पासून 'मुक्तिपथ' या उपक्रमातून दारू आणि तंबाखू दोन्हींवर काम चालू झालं.

चंद्रपूरची गोष्ट वेगळ्या वळणाची. डिसेंबर २०१० मध्ये 'श्रमिक एल्गार'च्या पारोमिता गोस्वामींच्या नेतृत्वाखाली हजारो बायका चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर चालत गेल्या. विचार करा, आपण सोसायटीच्या मीटिंगला खाली उतरत नाही. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपुरात बंदी लागू झाली. २०२१ मध्ये सरकारनं ती उठवली. कारणं दिली ती अवैध दारू, वाढलेले गुन्हे आणि बुडालेला महसूल. बंदी असावी की नसावी यावर तिथं आजही घराघरात दोन मतं आहेत, आणि दोन्हींकडे अनुभव आहे. बंदी असलेल्या भागात दारू चोरून मिळत नाही असा दावा कोणी करत नाही.

म्हणूनच आपला प्रश्न निरागस नसतो. शहरातला पाहुणा 'कुठे मिळेल?' विचारतो, तेव्हा तो नुसती चौकशी करत नाही. तो खिशातली नोट दाखवतो. मग कोणीतरी पोरगा बाइकला किक मारतो. एका गावानं बैठका घेऊन बंद केलेली भट्टी दुसऱ्या गावाच्या शिवारात पेटते. सोमवारी आपण ऑफिसात किस्सा सांगतो, आणि मंगळवारी ती भट्टी तिथंच असते, ज्या बाईनं ती बंद करायला कंबर कसली तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. आपल्याला एक ग्लास मिळाला. तिला काय मिळालं?

यात मोहाचा दोष नाही, हेही सांगायला हवं. मोह म्हणजे दारू हे समीकरण शहरी डोक्यातलं. इथल्या माणसासाठी मोह आधी अन्न आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली पिवळट, मांसल फुलांचा सडा पडतो. उजाडायच्या आत बायका-मुलं टोपल्या घेऊन वेचायला जातात. फुलं वाळवून वर्षभर ठेवतात. भाजून खातात, उकडून खातात, पिठात मिसळून भाकरी करतात, लाडू वळतात. बियांचं तेल काढतात. गोंड आणि माडिया आदिवासींच्या पूजेत, जन्म-मरणाच्या विधींत मोहाला मान आहे. तो मान त्यांचा आहे, आपल्या पार्टीचा नाही. २०२१ मध्ये राज्य सरकारनं मोहफुलांच्या संकलन आणि वाहतुकीवरचे जुने निर्बंध काढले, ते या फुलातून जंगलातल्या माणसाला चार पैसे मिळावेत म्हणून. तेव्हा मोह चाखायचाच असेल तर खाऊन चाखा. बचत गटाच्या टेबलावर मोहाचे लाडू दिसले तर पुडा उचला. मनुकांच्या जवळ जाणारी गोडी, मागे जंगलाचा किंचित उग्र वास. घरी आईला दिलेत तर ती कृती विचारेल.

'लोकल' खाणं-पिणं म्हणजे नेमकं काय, हे इथं स्वच्छ कळतं. तिथं जे जे मिळू शकतं ते सगळं म्हणजे लोकल नव्हे. तिथल्या लोकांनी ताटात काय असावं आणि काय नसावं हे ठरवलंय, ते म्हणजे लोकल. शिंगाडा त्यांचा निर्णय, भात त्यांचा निर्णय, आणि वडशाच्या काठावर ग्लास रिकामा असणं हाही त्यांचाच निर्णय. तो मान्य नसेल तर ब्रह्मपुरीला कायदेशीर दुकान आहे. पण बाटली बॅगेत घालून पूल ओलांडू नका. तो गुन्हा आहेच, शिवाय ज्या घरी जेवायला बसणार त्यांची मान खाली जाते.

जायच्या आधी

तारीख: मंडयांचा जोर दिवाळीनंतरचे पंधरा दिवस ते महिनाभर. नाटकं त्यापुढेही चालू असतात. नेटवर शोधत बसू नका, नागपूर-चंद्रपूरकडचा एखादा सहकारी गाठा. प्रत्येक ऑफिसात एक असतोच, आणि त्याला कोणी कधी त्याच्या गावाबद्दल विचारलेलं नसतं.

शंकरपट: थंडीत पुढे बैलजोड्यांच्या शर्यतीही लागतात. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यावर बंदी घातली होती. डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ च्या निकालानंतर ती कायम झाली. पट असला की खाण्याची दुकानंही आलीच.

गाडी: ब्रह्मपुरीच्या जंगलात वाघ आहेत, आणि ते तिकीट काढून बघायचे नाहीत. नाटक पहाटे सुटलं की उजाडेपर्यंत तिथंच थांबा. जंगलातल्या रस्त्यावर फोटोसाठी उतरू नका.

पैसे: सुटे ठेवा. रेंज गेली की मोबाइलवरचं पेमेंट गोल गोल फिरत बसतं आणि मागे भज्यांची लाइन वाढते.

पाहुणचार: कोणाच्या घरी जेवलात तर पैसे पुढे करू नका, ते अपमान समजतील. जाताना मिठाईचा पुडा न्या, मुलांसाठी वह्या-पुस्तकं न्या. निघताना त्यांच्या घरचा तांदूळ विकत मागा. तो भाव करून द्यायला त्यांना आवडेल, आणि तेवढ्यासाठी एक पिशवी सोबत असू द्या.

सोमवारी डेस्कवर कोणी विचारेलच, 'मग, काय प्यायलास तिकडे?' सांगा, चहा. पहाटे चारला, शेकोटीपाशी, व्हिलन मरायच्या पाच मिनिटं आधी. तसा चहा आपल्या शहरात कितीही पैसे टाकले तरी मिळत नाही, बॉस!